विल्फ्रेड घरी येतोय

"विल्फ्रेड! तोंडातला मोजा आधी खाली टाक! आणि ते ओलं ढुंगण माझ्या कोचावरून उचल पाहू!"

मिस्टर विल्फ्रेड हेबलथ्वेट त्या वेळी आपल्या गुलाबांना झारीने पाणी घालत होते. त्यांच्या तोंडात मोजा नव्हता. बाकीचा तपशीलही त्यांना लागू पडत नव्हता. तरीसुद्धा सत्तरी उलटलेल्या माणसाने दचकून स्वतःच्या पाठीमागे हात लावून बघावा, इतका त्या आवाजात अधिकार होता. आवाज शेजारच्या हिलरी ओल्डरॉइडबाईंचा. बाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यातली शिट्टी मात्र अजून सेवेत होती.

हेबलथ्वेटांनी टाचा उंच करून कुंपणावरून डोकावलं. ओल्डरॉइडबाईंच्या दारात लांब कानांचं, आखूड पायांचं, जमिनीला पोट घासत चालणारं एक कुत्रं उभं होतं. कपाळावर साऱ्या जगाची चिंता आणि तोंडात मोजा.

"गुड मॉर्निंग, मिस्टर हेबलथ्वेट!" बाई उत्साहाने म्हणाल्या. "हा आमच्याकडचा नवा मेंबर. विल्फ्रेड! चांगल्या खानदानातला बॅसेट आहे हं. म्हटलं, नावही तसंच भारदस्त हवं. हल्ली माणसांत कुणी ठेवत नाही हे नाव, मग उगीच वाया कशाला घालवायचं?"

"माझं नाव विल्फ्रेड आहे, बाई," हेबलथ्वेट थंडपणे म्हणाले.

"अगोबाई, हो का? मी तुम्हाला नेहमी मिस्टर हेबलथ्वेटच म्हणते ना! मग काय, छानच झालं. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक."

हेबलथ्वेटांनी झारीतलं उरलेलं पाणी स्वतःच्या बुटावर ओतलं आणि ते घरात आले. त्या दिवसापासून त्या प्राण्याचा उल्लेख ते 'ते जनावर' असाच करू लागले. त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी त्यांनी शपथच घेतली.

आता कुणी म्हणेल, नावात एवढं काय आहे? पण असं म्हणणाऱ्यांची नावं काय असतात, हे आधी बघितलं पाहिजे. हेबलथ्वेटांचं नाव तेराशे वर्षांचं होतं. जुन्या इंग्रजीत 'विल' म्हणजे इच्छा आणि 'फ्रिथ' म्हणजे शांतता. शांतता हवी असलेला तो विल्फ्रेड. यॉर्कशरच्या मातीत हे नाव रुजवलं ते संत विल्फ्रेडने. हा बिशप राजांशी भांडला, दुसऱ्या बिशपांशी भांडला, हद्दपार झाला, तुरुंगात गेला आणि आपल्यावरचा अन्याय सांगायला त्या काळात थेट रोमपर्यंत जाऊन आला. शांतता हवी असणं वेगळं आणि मिळणं वेगळं, असं हेबलथ्वेट यावर सांगत. पुढे नाव मागे पडलं, मग राणी व्हिक्टोरियाच्या काळात पुन्हा असं वर आलं की गल्लीगल्लीत विल्फ्रेड दिसू लागले. हेबलथ्वेटांचे आजोबा विल्फ्रेड, वडील विल्फ्रेड आणि ते स्वतः विल्फ्रेड. पाणीपुरवठा मंडळाच्या मीटर विभागात ते प्रमुखपदापर्यंत चढले, तेव्हा दारावरच्या पितळी पाटीवर त्यांनी आद्याक्षर घालू दिलं नव्हतं. पूर्ण नाव लागलं. पाटी लहान आणि नाव मोठं असल्यामुळे आडनाव दुसऱ्या ओळीत गेलं, तेही त्यांनी चालवून घेतलं.

साखळी तुटली ती मुलाच्या वेळी. "घरात एक विल्फ्रेड पुरे झाला," असं त्यांची पत्नी मॉरीन बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली आणि मुलगा क्रेग झाला. मॉरीन नवऱ्याला एरवी 'राजा' म्हणायची. 'विल्फ्रेड' अशी पूर्ण हाक आली की समजावं, चिखलाचे बूट गालिच्यावर आलेले आहेत.

आणि आता क्रेगच्या बायकोला, जेमाला, दिवस गेले होते. मुलगा असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तेव्हापासून हेबलथ्वेट रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत होते, पण तसं दाखवत नव्हते, म्हणजे निदान आपण दाखवत नाही अशी त्यांची समजूत होती.

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी भाजलेल्या मांसाचे काप करता करता अगदी सहज विचारलं, "मग, नावाचं काय ठरलं?"

"जॅक्सन आवडलंय," जेमा म्हणाली. "नाहीतर रिव्हर."

"रिव्हर?" सुरी थांबली. "म्हणजे नदी? अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली माझी. नदी पाळण्यात घातलेली कधी पाहिली नाही."

"डॅड..." क्रेगने सुरुवात केली.

"मी फक्त सुचवतोय. विल्फ्रेडसुद्धा एक नाव आहे."

जेमाने काटा खाली ठेवला. ती मोकळ्या स्वभावाची पोरगी होती आणि सासऱ्याला 'विल्फ' म्हणायची. नावाचं असं शेपूट छाटलेलं हेबलथ्वेट फक्त तिच्याकडून सहन करत.

"विल्फ, राग मानू नका हं. पण मी मागच्या दारात उभी राहून 'विल्फ्रेड' म्हणून ओरडले, तर लोकांना वाटेल कुत्र्याला बोलावतेय. शेजारच्या बाई दिवसभर तेच तर करतात! आणि बाकी मला हे नाव दिसतं कुठे? चर्चच्या भिंतीवर, नाहीतर चौकातल्या युद्धस्मारकावर. मला हाक मारायला नाव हवंय हो. कोरायला नकोय."

हेबलथ्वेटांनी पुढचे काप इतके पातळ केले की त्यातून मॉरीनचा चेहरा दिसत होता.

चौकातल्या त्या दगडावर पहिल्या महायुद्धात गेलेली गावातली पोरं होती आणि त्यात विल्फ्रेड पुष्कळ होते. एक त्यांच्या आजोबांचा चुलतभाऊ. लहानपणी आजोबा त्यांना तिथे घेऊन जायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. परतल्यावर मात्र ते पुन्हा नेहमीचे आजोबा व्हायचे. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून ओढ्याकडे तोंड करून साऱ्या स्केल्डरबी गावाला ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "विल्फ्रेऽऽड! ये रे, चहा झाला!" आजोबा गेल्यावर तशी हाक पुन्हा कुणी मारली नाही. हे नाव आता आपल्याबरोबर संपणार आणि मग ते फक्त दगडावर आणि कुत्र्यावर राहणार, या विचाराने हेबलथ्वेटांना खरोखर फार वाईट वाटलं. त्या रात्री त्यांनी कस्टर्ड परत घेतलं नाही, यावरून मॉरीनला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

"एक व्याख्यान ठेव," सल्ला आला तो नॉर्मन टॉरडॉफचा. हा गावातला शेतकरी. मेंढ्यांची लस असो की मुलीचं लग्न, टॉरडॉफकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला तयार असे आणि तो पबमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर मिळे. "लोकांना इतिहास माहीत नाही रे, म्हणून किंमत नाही. पोरीला पहिल्या रांगेत बसव. बाहेर पडेल ती विल्फ्रेड-विल्फ्रेड करत."

व्याख्यानाचा विषय होता 'विल्फ्रेड: एका नावाची तेरा शतकं'. गावच्या सभागृहात मांडलेल्या खुर्च्यांपैकी बहुतेक खुर्च्या शेवटपर्यंत आपलं लाकूड दाखवत राहिल्या. मॉरीन आली, कारण चहा तिच्याकडे होता. टॉरडॉफ आला, कारण चहाबरोबर केक होता. एक गृहस्थ मागे उभे राहून सगळं लक्षपूर्वक ऐकत होते. ते हीटर दुरुस्त करायला आले होते आणि व्याख्यान संपायची वाट बघत होते. जेमाची पाठ दुखत होती, म्हणून ती आलीच नाही. ओल्डरॉइडबाई मात्र आल्या, आणि एकट्या आल्या नाहीत. ते जनावर पहिल्या रांगेत बसलं. व्याख्यानभर विल्फ्रेड हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला, तितक्या वेळा त्याने शेपटी खुर्चीच्या पायावर आपटली. टाळ्या म्हणाव्यात तर त्याच.

"लोकांना ऐकायचं नसतं. बघायचं असतं," टॉरडॉफने सल्ला बदलला. "आपली जुनी मिरवणूक आठवते का?"

इथे खरं संकट सुरू झालं.

स्केल्डरबीच्या चर्चचा पालक संत विल्फ्रेडच. पूर्वी दर उन्हाळ्यात त्याच्या सणाला गावातला एक माणूस संताचा वेश करून, पांढऱ्या घोड्यावर बसून, हद्दपारीतून परत यायचा. ओढ्यावरच्या पुलाशी गाव त्याला अडवायचं आणि विचारायचं, "पुलावर कोण आहे?" तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा त्याने खणखणीत आवाजात सांगायचं, "विल्फ्रेड! विल्फ्रेड घरी येतोय!" मग साऱ्या गावाने ते नाव घेत त्याला चर्चपर्यंत न्यायचं. ही प्रथा बंद पडली त्या वर्षी संत झालेला खाटीक बियर पिऊन आला होता आणि तीनदा विचारूनही त्याला आपण कोण ते सांगता आलं नव्हतं.

सारं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं आहे, सगळ्यांच्या तोंडी विल्फ्रेड हे नाव आहे, आणि त्या गर्दीत जेमा आहे. हेबलथ्वेटांच्या डोळ्यांपुढे हे चित्र उभं राहिलं आणि त्यांनी तिथल्या तिथे टॉरडॉफला तिसरा ग्लास पाजला.

ग्रामपरिषदेचे चिटणीस ट्रेव्हर पिकर्सगिल यांना मात्र चित्रं दिसत नसत. त्यांना फक्त अडचणी दिसत, आणि त्या दिसल्या की त्यांचा चेहरा खुले.

"घोडा हा रहदारीत धरायचा की करमणुकीत?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"घोड्यात धरा."

"तसा रकाना नाही. बरं, घोडा वाटेत... म्हणजे निसर्ग आहे... तर ते कोण उचलणार?"

"संताने घोड्यावरून उतरून उचलावं अशी परिषदेची अपेक्षा आहे का?"

"परिषदेची अपेक्षा नसते, मिस्टर हेबलथ्वेट. अट असते."

शेवटी मॉरीन बादली घेऊन मागून चालेल असं ठरलं. मॉरीनला हे सर्वांत शेवटी कळलं. त्या दिवशी 'विल्फ्रेड' अशी पूर्ण हाक दोनदा आली.

मग पुलाच्या वजनाचा प्रश्न निघाला. मग संताच्या उंच टोपीचा आणि रस्त्यावर बांधायच्या पताकांचा एकमेकांशी संबंध काय येतो, हा प्रश्न निघाला. पाद्रीबाई म्हणाल्या की संत येणार हे उत्तम, पण तो चर्चमध्ये आल्यावर बोलणार नाही ना? कारण प्रवचन त्या आधीच लिहून बसल्या होत्या. मिरवणुकीचा दिवस गावजत्रेच्या दिवसावर आला, तेव्हा घोडा केकच्या तंबूवरून न्यायचा की मुरंब्याच्या, यावरून केकवाल्या बायका आणि मुरंबेवाल्या बायका यांचं बोलणं बंद झालं. पाठोपाठ त्यांच्या नवऱ्यांना आपलंही बोलणं बंद करावं लागलं, त्यामुळे बोलिंगच्या मैदानावर दोन संघ नुसते उभे राहू लागले. शांतता इच्छिणाऱ्याच्या नावाने अख्खं गाव पेटलं. अशा वेळी संत रोमला गेला होता, याची हेबलथ्वेट सगळ्यांना आठवण करून देत. स्वतः ते बस पकडून जिल्हा कचेरीत गेले आणि तिथून त्यांना पिकर्सगिलकडे पाठवण्यात आलं.

जत्रेच्या कमिटीच्या अध्यक्षा होत्या ओल्डरॉइडबाई. बैठकीत त्यांनी शिट्टी वाजवून शांतता केली आणि म्हणाल्या, "माझी एकच सूचना आहे. मिरवणूक विल्फ्रेडची आहे. मग आमच्या विल्फ्रेडला का वगळायचं? त्याचाही नावावर तेवढाच हक्क आहे."

"बाई, हा तेराशे वर्षांचा मान आहे," हेबलथ्वेट उभे राहून म्हणाले.

"कुत्र्याच्या वयात मोजा," मागून कुणीतरी म्हणालं.

मतदान झालं. हेबलथ्वेटांना संत करावं, यासाठी काही हात वर आले. कुत्र्याला मिरवणुकीत घ्यावं, यासाठी केकवाल्या आणि मुरंबेवाल्या दोघींचे हात एकदम वर आले. महिनाभरात दोन्ही पक्षांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. हेबलथ्वेट घरी येऊन बराच वेळ हरितगृहात टोमॅटोंजवळ बसून राहिले. मग तिथेच त्यांनी आरोळीचा सराव सुरू केला. "विल्फ्रेड! विल्फ्रेड घरी येतोय!" आवाज भरदार हवा, शेवटी किंचित घुमायला हवा. टोमॅटोंवर परिणाम चांगला होत होता.

झगा मॉरीनने दिवाणखान्याच्या जुन्या पडद्यांचा शिवला. टोपी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर सोनेरी कागद चिकटवून झाली. एका बाजूने उन्हात बघितलं तर खोक्यावर छापलेला कोंबडा दिसे. टॉरडॉफची घोडी डचेस त्याच्या म्हणण्याप्रमाणे पांढरी होती. बाकीच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती पूर्वी कधीतरी पांढरी असावी.

"धुऊन काढली की चमकेल," टॉरडॉफ म्हणाला. धुतल्यावर ती ओली आणि करडी झाली. मग त्याने तिला भरपूर टाल्कम पावडर लावली. घोडी जिथे जाई तिथे तान्ह्या बाळासारखा वास येई. हा शुभशकुन आहे, असं हेबलथ्वेटांनी मनाशी ठरवलं.

सणाच्या आदल्या दोन रात्री डोंगरावर पाऊस झाला होता आणि ओढा फुगला होता. सणाला मात्र लख्ख ऊन पडलं. हेबलथ्वेटांना स्टूल लावून, एका बाजूने टॉरडॉफने ढकलून आणि दुसऱ्या बाजूने क्रेगने ओढून घोडीवर बसवण्यात आलं. त्या उंचीवरून त्यांना सगळं गाव दिसलं आणि छाती भरून आली. पुलाच्या कठड्याशी, पोटावर हात ठेवून, जेमा उभी होती. तिने हात हलवला. हेबलथ्वेटांनी संताला शोभेल अशी मान लववली, तेव्हा टोपी डोळ्यांवर आली.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला ओल्डरॉइडबाई होत्या. त्यांच्या कडेवर ते जनावर, अंगावर छोटा जांभळा झगा घालून. ओझं चांगलंच होतं, पण कवायतीचे हात डगमगले नाहीत.

"पुलावर कोण आहे?" गाव गरजलं.

संत गप्प राहिला. तशीच रीत होती.

"पुलावर कोण आहे?"

डचेस फुरफुरली. पावडरीचा एक ढग उठला.

"पुलावर कोण आहे?"

हेबलथ्वेटांनी छाती भरून श्वास घेतला. आजोबा, वडील, तेरा शतकं, सगळं त्या श्वासात होतं. "विल्फ्रेड!" ते गरजले. "विल्फ्रेड घरी..."

आपल्याला कुणीतरी मनापासून बोलावतंय, हे ऐकून बाईंच्या कडेवरचा प्राणी आनंदाने वेडा झाला. त्याने उडी घेतली ती कठड्यावर. तिथून पुढची उडी हेबलथ्वेटांच्या दिशेने होती, पण झगा आणि कान दोन्ही पायांत आले आणि ते जांभळं गाठोडं कठड्यावरून खाली ओढ्यात गेलं.

 पाणी त्याला फरफटत पुढे घेऊन गेलं. वळणावर एक झाड आडवं पडलेलं होतं, त्याच्या फांदीला झगा अडकला. आखूड पाय पाण्यात नुसते वळवळत होते. ओल्डरॉइडबाईंनी शिट्टी तोंडात घातली, पण फुंकरच येईना. एवढी खमकी बाई, पण तिचे ओठ थरथरत होते. "त्याला पोहता येत नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते त्या हेबलथ्वेटांकडे बघून म्हणाल्या.

हेबलथ्वेट घोडीवरून कसे उतरले, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. कारण चढवायला दोघे आणि एक स्टूल लागलं होतं. पडद्याचा झगा गुंडाळून ते काठ उतरले आणि कमरेइतक्या पाण्यात शिरले. पाणीपुरवठ्यात जन्म घालवूनही पाणी एवढं थंड असतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"उतरायची परवानगी घेतलेली नाही!" वरून पिकर्सगिल ओरडले.

फांदीपर्यंत जाता येईना; पुढे खड्डा होता, ओढ जोराची होती. हात लांब केला तरी कुत्र्यापर्यंत पोचायला बरंच अंतर उरत होतं. कुत्र्याच्या अंगातून झगा निघून वाहत गेला होता. कुत्र्याने फांदी पुढच्या पायांनी मिठी मारावी तशी धरली होती आणि भीतीने डोळे पांढरे केले होते. ती सोडून त्याने स्वतःच इकडे झेप घ्यायला हवी होती.

"विल्फ्रेड!" हेबलथ्वेटांनी संताचा आवाज लावला. भरदार, शेवटी घुमणारा. कुत्र्याने कान पाडले आणि फांदी आणखी घट्ट धरली. मघाशी याच आवाजाकडे धाव घेऊन तो या पाण्यात पडला होता.

हेबलथ्वेटांचे पाय गारठले होते, टोपी भिजून गळ्यात आली होती, सारं गाव वरून बघत होतं. आणि समोर तो वेडा जीव थरथरत होता. तेव्हा त्यांच्या नकळत त्यांच्या गळ्यातून वेगळाच आवाज निघाला. लांबलेला, मऊ, फाटकाशी उभं राहून मारलेल्या हाकेचा.

"विल्फ्रेऽऽड! ये रे बाळा, ये. चहा झाला!"

पुलावर एकदम शांत झालं.

"ये रे, विल्फ्रेऽऽड! घरी चल, चहा झाला!"

कुत्र्याचे कान उभे राहिले, म्हणजे त्याचे राहू शकत होते तितके. त्याने फांदी सोडली, एकदा पाण्याखाली गेला, वर आला आणि सरळ हेबलथ्वेटांच्या छातीवर येऊन आदळला. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. ओला, जड, थरथरणारा विल्फ्रेड त्यांचं तोंड चाटत होता आणि ते त्याला चाटू देत होते.

त्या दिवशी चर्चपर्यंत मिरवणूक गेली, पण वेगळ्याच क्रमाने. पुढे कुत्रा उचलून घेतलेले, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले हेबलथ्वेट, त्यांचा दंड धरून रडणाऱ्या ओल्डरॉइडबाई, मागे केकवाल्या आणि मुरंबेवाल्या एकत्र, आणि सर्वांत शेवटी रिकामी घोडी आणि बादली घेतलेली मॉरीन. "विल्फ्रेड! विल्फ्रेड!" असा गजर चालला होता. लोक दोघांपैकी कुणाचं नाव घेतायत, हे हेबलथ्वेटांनी विचारलं नाही. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच त्याने फरक पडत नव्हता.

घरी आल्यावर त्यांना ब्लँकेटात गुंडाळून शेगडीशी बसवण्यात आलं. पाय गरम पाण्याच्या टबात. आता उतरलेल्या जोशाच्या जागी लाज आली. "एकूण फजितीच झाली म्हणायची," ते टबाकडे बघत म्हणाले. "संताची टोपी गळ्यातून निसटून वाहत गेली, ती बदकांनी घेतली म्हणे."

जेमा स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "तशी हाक तुम्हाला कोण मारायचं?"

"कशी?"

"ओढ्यात मारलीत ना, तशी."

 "माझे आजोबा. तेही विल्फ्रेडच. याच ओढ्यावर खेळायचो मी. ते फाटकात उभे राहायचे." त्यांनी घसा साफ केला. "फार वर्षं झाली. मी स्वतः तर ती हाक कधी मारलीच नव्हती. आपलंच नाव, आपण कुणाला हाक मारणार?"

 जेमाने टबात गरम पाणी ओतलं आणि जाताना, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सप्टेंबरमध्ये, डेलिया फुललेले असताना, फोन आला. मॉरीन दुकानात गेली होती, म्हणून तो हेबलथ्वेटांनीच घेतला. पलीकडे क्रेगचा आवाज फाटलेला होता.

"डॅड, झाला. दोघं ठीक आहेत. गुटगुटीत आहे. थांबा, जेमाला बोलायचंय."

मग जेमाचा दमलेला, हसरा आवाज आला. "विल्फ... म्हणजे, मिस्टर विल्फ्रेड हेबलथ्वेट. कालपासून मी सगळी नावं मोठ्याने हाक मारून बघितली. नर्स वैतागली होती. जॅक्सन मारून बघितलं, रिव्हर मारून बघितलं. दाराशी उभं राहून, संध्याकाळ झालीय, पोरगं लांब खेळतंय, असं समजून." ती थांबली. "चहा झाला म्हणून घरी येईल, असं एकच निघालं. तेव्हा आता तुम्ही येऊन मला ती हाक नीट शिकवा. मला शेवटचं लांबवायला जमत नाहीये."

हेबलथ्वेटांनी फोन ठेवला. मग पुन्हा उचलून, तो नीट ठेवलाय ना हे बघून, पुन्हा ठेवला. रडत नाही आहोत याची खात्री करायला आरशात पाहिलं, तर रडत होते. तेव्हा त्यांनी तो आरसा जुना आणि धुरकट आहे असं ठरवलं, कोट चढवला, टाय बांधला आणि ते बागेत गेले. बातमी कुणाला तरी सांगणं भाग होतं आणि मॉरीन अजून आली नव्हती.

कुंपणापलीकडे ओल्डरॉइडबाईंच्या हिरवळीवर लांब कानांचा तो प्राणी नव्या मोज्यावर काम करत बसला होता. हेबलथ्वेट टाचा उंच करून उभे राहिले.

"विल्फ्रेड," ते म्हणाले.

कुत्र्याने मोजा खाली टाकला आणि वर पाहिलं.

हेबलथ्वेटांनी टायची गाठ नीट केली. "आता आपण तिघं झालो," ते गंभीरपणे म्हणाले. "नावाला जपून वाग."